सोमवारचे चार तास

१

कागदावर सगळं छान होतं. डोक्यात तिडीक जायला तेवढं पुरे होतं.

मेट्रनबाईंनी तो कागद चष्मा लावून वाचला, मग चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरून वाचला. सोमवार, सकाळी आठ ते बारा. डायलिसिस, मशीन क्रमांक चार. आधीचं वजन छप्पन्न किलो, नंतरचं साडेत्रेपन्न. दर अर्ध्या तासानं घेतलेलं बीपी. त्रास काही नाही. खाली टेक्निशियनची सही. आणि या कागदाप्रमाणे परवाच जिचं रक्त चार तास गाळून स्वच्छ केलं होतं, ती बाई समोरच्या खुर्चीत पुढे वाकून बसली होती आणि दोन शब्द बोलायला तीनदा श्वास घेत होती. पाय इतके सुजलेले, की चपला धाकट्या बहिणीच्या हातात होत्या.

"सोमवारी साडेसातपासून आम्ही बाहेरच्या बाकावर होतो हो," धाकटी बहीण म्हणाली. "साडेआठला यादीवाला म्हणाला, आज ताईचं नाव नाही, गुरुवारी या. आम्ही मुकाट घरी गेलो. आज तिचा जीव गुदमरायला लागला म्हणून इथल्या कॅज्युअल्टीत आणलं, तर डॉक्टर कागद बघून म्हणतात, परवाच तर झालंय, पाणी ढोसलं असेल, उद्याच्या नंबराला या!"

"मोजून... पिते," ताई म्हणाली. ती शाळेचे गणवेश शिवायची. इंचाइंचाचा हिशोब ठेवणारी बाई, पाण्याचा ठेवणार नाही होय?

"तू बोलू नकोस गं, श्वास वाचव," मेट्रनबाई म्हणाल्या.

मेट्रनबाई म्हणजे या सरकारी रुग्णालयाच्या जुन्या मुख्य परिचारिका. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दोन वर्षांपूर्वी रुग्णहक्कांचा कायदा झाला, त्यात प्रत्येक रुग्णालयात एक तक्रार-अधिकारी नेमायचा होता. कुणालाच ते लचांड नको होतं, म्हणून बाईंना बोलावलं आणि जिन्याखालची खोली दिली. त्या खोलीत उभं राहिलं की डोक्याला जिना लागायचा.

कायदा मात्र वाईट नव्हता. सरकारी रुग्णालयाला रुग्ण घेता आला नाही, तर त्यानं तसं लेखी द्यायचं. त्या कागदाला सगळे नकारचिठ्ठी म्हणत. चिठ्ठी दाखवली की दुसऱ्या कुठल्याही रुग्णालयानं, अगदी रस्त्यापलीकडच्या काचेच्या खासगी इमारतीनंही, त्या रुग्णाला ताबडतोब आणि फुकट घ्यायचं. बिल सरकारचं. फक्त चिठ्ठी हवी. आणि दोन वर्षांत या रुग्णालयातून एकही चिठ्ठी निघाली नव्हती.

बाईंनी ताईचा डावा हात दिव्याखाली धरला. डायलिसिसच्या दोन जाड सुया दर वेळी तिथेच टोचायच्या. सगळ्यात ताज्या दोन खुणा सुकून खपल्या पडायला आल्या होत्या. बाईंनी चाळीस वर्षं खपल्या बघितल्या होत्या. ही जखम परवाची नव्हती, मागच्या गुरुवारची होती.

कॅज्युअल्टीची डॉक्टर दारात आली. मघाशी कागद बघून तिनंच यांना परत पाठवलं होतं. "बाई, आत्ता छातीचा फोटो बघितला. फुप्फुसात पाणी भरतंय. मी चुकले. उद्यापर्यंत नाही थांबता येणार. संध्याकाळच्या आत मशीन मिळाली नाही तर..."

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

२

अधीक्षकांच्या खोलीबाहेर भलामोठा फलक होता. 'या रुग्णालयातील एकूण नकार: शून्य'. शून्य चांगलं वीतभर होतं आणि रोज पुसलं जात असावं, कारण चमकत होतं.

"मला एक चिठ्ठी हवीय," बाई उभ्यानंच म्हणाल्या.

अधीक्षकांनी कागद बघितला. "अहो, पण हिला उपचार मिळालेत. मिळालेल्या उपचाराला नकार कसा लिहू? तुम्हीच सांगा."

"मिळाले नाहीत. तिच्या हातावरच्या खपल्या बघा. सहा दिवसांच्या आहेत."

"खपल्या!" अधीक्षक हसले. "खपल्यांवर तारीख छापलेली असते का, बाई? माझ्याकडे सही-शिक्क्याची नोंद आहे. हे लोक पाणी पितात, फळं खातात, पथ्य म्हणून पाळत नाहीत, आणि मग आपल्या नावानं बोंब मारतात."

बाईंची कानशिलं तापली. बाईमाणूस तिकडे गुदमरतंय आणि हा पथ्याची प्रवचनं झोडतोय!

"मग तिला आत्ता मशीन द्या."

"आठातल्या दोन बंद आहेत. सहा चालू, सहाही दोन्ही पाळ्यांत भरलेल्या. कुणाला उठवू?"

"म्हणजे जागा नाही. तेवढंच लिहून द्या, की जागा नाही."

अधीक्षकांचा आवाज खाली आला. "नियम वाचलाय ना? महिन्याला तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या निघाल्या की तो विभाग अकार्यक्षम ठरतो. मशीन उचलून मोठ्या शहरात नेतात. मग तुमच्या या चाळीस रुग्णांना आठवड्यातून दोनदा तीन तासांचा प्रवास. चालेल?"

हा नियम कायद्यात नव्हता. कायदा झाल्यावर कुण्या शहाण्यानं मागाहून परिपत्रक काढून तो चिकटवला होता. एका हातानं हक्क द्यायचा, आणि तो कुणी मागितला की दुसऱ्या हातानं कान पिळायचा! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

"तुम्हाला कायद्यानं अधिकार आहेच की," अधीक्षक फाइल मिटत म्हणाले. "नोंद खोटी आहे असं नोंद करणाऱ्यानं कबूल केलं किंवा पुराव्यानं सिद्ध झालं, तर चिठ्ठी तुम्ही स्वतः देऊ शकता. करा सिद्ध. फक्त खपल्या नकोत."

बाई दाराशी थांबल्या. हा माणूस इतका निवांत कसा? नोंद खोटी निघेल याची याला भीतीच नव्हती. की कुणी केली ते सापडणारच नाही, याची खात्री होती?

३

डायलिसिस विभागाच्या दारात यादीवाला उभा होता. लोक त्याच्यावर खार खाऊन असत, कारण 'तुमचं नाव नाही' हे शब्द त्याच्याच तोंडून यायचे. ओळखीच्यांना पुढे घुसवतो, अशीही कुजबुज होती.

"सोमवारी शिवणवाल्या ताईंचं नाव तूच गाळलंस?"

"मी?" त्यानं छापील यादी पुढे केली. "बाई, मी पुकारणारा माणूस. आतून यादी छापून येते, ती वाचायची आणि शिव्या खायच्या. सोमवारच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. आई शप्पथ! संध्याकाळी यादी परत घेतात, नाहीतर दाखवली असती."

"कोण घेतं?"

"आतले."

आत सहा मशीन घरघरत होत्या आणि सहा माणसं डोळे मिटून पडली होती. टेक्निशियन एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पळत होता. सव्वीस वर्षांचा, डोळे तांबारलेले, सकाळचा चहा टेबलावर साय धरून बसलेला. बाईंनी कागद त्याच्या नाकासमोर धरला.

"ही सही तुझी?"

"माझीच."

"सोमवारी चार नंबरवर कोण होतं?"

तो गडबडला. "याच असतील ना. सही आहे म्हणजे... दिवसाकाठी बारा कागद असतात, बाई. मशीनवरचे आकडे मी कॉम्प्युटरमध्ये भरतो, संध्याकाळी गठ्ठा छापून येतो, मी सह्या करून टाकतो. एकेक वाचत बसलो तर रुग्ण कोण बघणार?"

"न वाचता सह्या करतोस? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!"

"बाई, बसा आधी. चेहरा लाल झालाय तुमचा." त्यानं बाईंना स्टुलावर बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. यंत्र गुणगुणलं आणि पडद्यावर आकडे उमटले. "बघा! एकशे सत्तेचाळीस, एकोणनव्वद. गोळी घेतलीत का आज?"

"गोळी गेली खड्ड्यात."

विभागाची प्रमुख सिस्टर धावत आली. बाईंच्याच हाताखाली शिकलेली, बाईंची सगळ्यात लाडकी. "बाई, चिडू नका हो. पाणी आणू? ताईंचं कळलं मला. उद्या त्यांना सगळ्यात आधी घेते, सकाळी सातला. शब्द देते."

"उद्यापर्यंत ती राहायला हवी ना, पोरी."

सिस्टर पाणी आणायला वळली.

बाई उठल्या. पट्टा सोडताना त्यांची नजर पुन्हा पडद्यावर गेली. एकशे सत्तेचाळीस. एकोणनव्वद. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं?" टेक्निशियननं विचारलं.

"मला या विभागाच्या सगळ्या फाइली हव्यात," बाई म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीस. आत्ता."

४

जिन्याखालच्या खोलीत फाइलींचा ढीग लागला. ताईला कॅज्युअल्टीत ऑक्सिजन लावला होता आणि धाकटी बहीण बाईंसमोर बसली होती.

"हे बघ," बाईंनी ताईची फाइल उघडली. "मागचा गुरुवार, खरी नोंद. एकशे एक्कावन्न, त्र्याण्णव. एकशे अठ्ठेचाळीस, एक्क्याण्णव. एकशे एकोणचाळीस, पंच्याऐंशी. आता सोमवारची वाच."

"एकशे पन्नास, नव्वद. एकशे शेहेचाळीस, अठ्ठ्याऐंशी. एकशे चव्वेचाळीस, शहाऐंशी. एकशे चाळीस, चौऱ्याऐंशी..." बहीण थांबली. "मग? बीपी उतरलंय. चांगलंच की."

"नऊ वेळा बीपी, प्रत्येक वेळी दोन आकडे. एकूण अठरा. त्यात एक तरी विषम आकडा दाखव."

बहिणीनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "नाहीये."

"मशीनला सम-विषम कळत नाही, जे येईल ते दाखवतं. अठरा वेळा नाणं उडवलंस आणि अठराही वेळा छापाच पडला, तर तू काय म्हणशील?"

"कुणीतरी हातानं ठेवलाय."

"शाबास. आता प्रत्येक फाइल उघड आणि शेवटच्या दोन महिन्यांचे कागद बघ. विषम आकडा दिसला की तो कागद खरा, सोडून दे. एकही दिसला नाही तर बाजूला काढ."

दोघी कामाला लागल्या. बाराचा टोल झाला, एकचा झाला. पहिल्या फाइलीत एक कागद निघाला. दुसऱ्या फाइलीत एक. तिसऱ्या फाइलीत एक.

दीड वाजता ढीग संपला. चाळीस रुग्ण, चाळीस खोटे कागद. प्रत्येकाच्या नावावर एक, कुणाच्याही नावावर दोन नाहीत. तारखा सव्वा महिन्यापूर्वी सुरू झालेल्या, म्हणजे दोन मशीन बंद पडल्या त्या आठवड्यापासून.

हे वशिल्याचं काम नव्हतं. चोर कधी इतकं न्यायानं वाटून घेत नाही. कुणीतरी पाळी लावली होती. जागा कमी पडते म्हणून दर वेळी एकाला उपाशी ठेवायचं, आणि कागदावर त्याचं पोट भरल्याचं दाखवायचं.

"पण कोण हो? टेक्निशियनच ना?" बहीण म्हणाली. "त्याचीच सही आहे."

कोण ते बाईंना कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटत होतं. त्या उठल्या, कपाटाच्या तळातून एक लांबट पत्र्याची पेटी काढली आणि ती व बाजूला काढलेले कागद काखेत मारून डायलिसिस विभागाकडे निघाल्या.

५

सिस्टरच्या छोट्या खोलीत बाईंनी पेटी उघडली. आत बीपी मोजायचं जुनं यंत्र होतं, पाऱ्याची उभी नळी असलेलं.

"अगं बाई!" सिस्टर हसली. "अजून ठेवलंय तुम्ही? बारा वर्षं झाली हे मोडीत निघून."

"या नळीवरच्या रेघा कितीच्या फरकानं असतात?"

"दोन-दोनच्या."

"आणि कुणी विषम आकडा लिहिला, की मी काय म्हणायचे?"

सिस्टर अजून हसतच होती. "म्हणायचात, नळीवर मधली रेघ नाही, मग हा आकडा आला कुठून? मनातून! आणि बोटांवर पट्टी..." तिचं हसू हळूहळू मावळलं.

बाईंनी चाळीस कागद टेबलावर ठेवले.

"टेक्निशियननं जन्मात पाऱ्याची नळी बघितली नाही. खोटे आकडे त्यानं लिहिले असते, तर मशीनसारखे कसेही लिहिले असते. यादीवाल्याला बीपीतलं ओ की ठो कळत नाही. डॉक्टर लोक मनानं लिहायला लागले की गोल करतात, एकशे चाळीस-नव्वद. एकशे छत्तीस-चौऱ्याऐंशी लिहायला नर्सच लागते, आणि तीही नळीवर शिकलेली. अशा या इमारतीत दोघीच आहोत. मी लिहिलेले नाहीत." बाईंनी वरचा कागद तिच्यासमोर सरकवला. "खोटं लिहितानाही तुझा हात मी शिकवलेलंच लिहीत होता गं!"

सिस्टरनं तो कागद पालथा घातला.

"मी काय करायला हवं होतं, बाई? साहेब म्हणाले, नकार दिसता कामा नये, दिसला तर विभाग जाईल. कसं ते तुम्ही बघा म्हणाले. आठवड्याला सात-आठ जणांना जागाच नसते. मी कुणाला निवडू? म्हणून क्रमानं लावलं. प्रत्येकाची एकच पाळी चुकेल, पुढची मिळेल. चुकलेल्यांना मी रोज फोन करायचे. माझ्या पदरात काही पडलं नाही हो. मी त्यांना वाचवत होते."

"सगळ्यांना?"

बाईंनी ढिगातून एक कागद ओढला. एका पोस्टमनचा. तारीख तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारची, उपचार पूर्ण, त्रास काही नाही. सोबत आणलेल्या त्याच्या फाइलीच्या मुखपृष्ठावर लाल शाईत लिहिलं होतं: मृत्यू, शनिवार.

"त्याच्या बायकोला सांगितलंत, हृदय बंद पडलं. डायलिसिस तर वेळेवर झालं होतं ना? कागद आहे!"

सिस्टरनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. "त्या दिवसापासून मला घास गिळवत नाही, बाई."

"मग थांबलीस का नाही?"

"थांबले असते तर बाकीचे..."

"बाकीच्यांसाठी रस्त्यापलीकडे दहा मशीन आहेत! एक चिठ्ठी दिली असतीस तर तो तिकडे गेला असता. कायदा याचसाठी आहे ना? तू त्यांना वाचवलं नाहीस, पोरी. तू साहेबांचं शून्य वाचवलंस."

दारात पाऊल वाजलं. अधीक्षक उभे होते, किती वेळ कोण जाणे.

६

"सिस्टर, एक अक्षर लिहून देऊ नका," अधीक्षक म्हणाले. "नोकरी जाईल, नोंदणी रद्द होईल. माझ्या लेखी सूचना कुठेही नाहीत. गेलात तर एकट्या जाल."

"बघ," बाई म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी केलंस त्यांचं बोलणं ऐकलंस?"

मग त्या अधीक्षकांकडे वळल्या. "साहेब, दोन मशीन बदलून मागितल्या होत्या ना तुम्ही? उत्तर आलं का?"

अधीक्षक मोबाइल चाळायला लागले.

"आलंय. त्याची प्रत माझ्याकडेही येते, कायदाच तसा आहे. कुणी वाचत नाही म्हणून मला पाठवतात." बाईंनी खिशातून घडी काढली आणि सिस्टरसमोर उलगडली. "वाच. मोठ्यानं."

सिस्टरनं डोळे पुसले. "'...सहा यंत्रांवर सर्व चाळीस रुग्णांना संपूर्ण उपचार मिळत असल्याचे नोंदींवरून दिसते. सबब जादा यंत्रांची आवश्यकता नाही.'"

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. या वेळी मनातल्या मनात.

"नोंदींवरून," बाई म्हणाल्या. "तुझ्या नोंदींवरून. तिथे बसलेल्या माणसाला कसं कळणार इथे लोक गुदमरतायत? त्याला आपण रोज कळवतोय की सगळं झकास आहे!"

"हे तुम्हाला माहीत होतं?" सिस्टरनं अधीक्षकांना विचारलं. "पंधरा दिवसांपूर्वीची तारीख आहे. मी रोज विचारत होते, मशीन कधी येणार. तुम्ही म्हणायचात, येतील, थोडं सांभाळून घ्या."

"धोरणाच्या गोष्टी असतात," अधीक्षक म्हणाले.

सिस्टरनं कोरा कागद ओढला. पुढची वीस मिनिटं ती लिहीत होती. चाळीस नावं, चाळीस तारखा, पोस्टमनचं नाव पहिलं. अधीक्षकांनी आधी धमकावलं, मग समजावलं, मग फोन करायला म्हणून जे गेले ते परत आले नाहीत. खाली तिनं पूर्ण नावानिशी सही केली.

बाईंनी त्या जबाबाच्या आधारे नकारचिठ्ठी लिहिली. दोन वर्षांतली पहिली. कारण: जागा नाही. अडीच वाजता ताईला स्ट्रेचरवरून रस्त्यापलीकडे नेलं. काचेच्या इमारतीतला माणूस चिठ्ठी उलटसुलट करून म्हणाला, असलं काही आम्ही बघितलेलं नाही. बाईंनी त्याला कायद्याचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं, इतक्या मोठ्यानं की लिफ्टपाशी उभे असलेले लोक वळून बघायला लागले. तीन वाजून दहा मिनिटांनी ताई मशीनवर होती. तासाभरानं ती धाकट्या बहिणीला म्हणाली, "चपला दे माझ्या, काखेत धरून काय बसलीस?" हे संपूर्ण वाक्य ती एका श्वासात बोलली. बहीण रडायलाच लागली.

बाई परत आल्या तेव्हा जबाबाच्या गडबडीत खोळंबलेली दुपारची पाळी अजून सुरू व्हायची होती. बाकावर सात जण, आत सहा मशीन.

"आज कुणाची पाळी?" बाईंनी विचारलं.

"पहिली फेरी काल संपली," सिस्टर म्हणाली. "आता परत पहिल्या नावापासून. रिटायर्ड ड्रायव्हर आहेत. सव्वा महिन्यापूर्वी सगळ्यात आधी त्यांनाच परत पाठवलं होतं."

यादीवाला पुकारायला निघाला. सिस्टरनं त्याच्या हातातली यादी काढून घेतली आणि स्वतः बाहेर गेली. बाईंनी त्याच जबाबाच्या आधारे सही करून दिलेली दुसरी चिठ्ठी तिच्या हातात होती.

"काका, आज तुम्हाला मशीन नाही."

म्हातारा सवयीनं उठला, पिशवी उचलली. "बरं. गुरुवारी येऊ का शुक्रवारी?"

"नाही, घरी नका जाऊ. आमच्याकडे जागा नाही, तसं लिहून दिलंय. हे घेऊन समोरच्या इमारतीत जा. त्यांना तुम्हाला घ्यावंच लागेल. आत्ता, फुकट. तो तुमचा हक्क आहे."

म्हाताऱ्यानं कागद डोळ्यांजवळ नेला आणि सावकाश, ओठ हलवत वाचला. रस्त्यापलीकडच्या काचेकडे बघितलं. शेजारच्या बाकाकडे बघितलं. तिथे बसणारा पोस्टमन त्याचा दर वेळचा सोबती होता.

"एवढंच लागतं?" त्यानं विचारलं. "हा एवढा कागद?"

"हो, काका."

"मग मागच्या वेळी का नाही दिलात?"